आकाशातला तंबोरा

गाण्याच्या बैठकीत सर्वांत कमी लक्ष ज्याच्याकडे जाते असा माणूस म्हणजे तंबोऱ्यावर बसलेला. त्याला ताना घ्यायच्या नसतात, समेवर येऊन दाद मिळवायची नसते. त्याचे काम एकच. षड्ज धरून ठेवायचा. पण तो जरा ढळला की गवयाची सारी विद्या फुकट जाते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, संत नामदेवांच्या नरसीच्या मुलखात, हे काम सप्ताहात वीणेकऱ्याकडे असते. अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक आहे. गावकरी पाळीपाळीने पहारा करतात. पहाटे तीन वाजता मंडपात कोणी नसते, कीर्तनकार झोपलेला असतो, आणि कोणी एक शेतकरी गळ्यात वीणा अडकवून एकाच सुरावर तार छेडीत उभा असतो. ऐकायला कोणी असो वा नसो, सूर तुटता कामा नये.

मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे तोही असाच एक पहारेकरी आहे. तो माणूस नव्हे. नखाएवढ्या स्फटिकावर चालणारे एक विद्युत्-मंडल आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘लोकल ऑसिलेटर’. मराठीत त्याला स्थानिक आंदोलक म्हणतात. हौशी रेडिओवाल्यांनी अवकाशात जे उपग्रह सोडले त्यांच्या पोटात तो बसलेला असतो, आणि अत्यंत तुटपुंज्या विजेवर, थंडीत आणि उन्हात, वर्षानुवर्षे एकच सूर धरून राहतो. उपग्रहाचे छायाचित्र छापून येते, अग्निबाणाचे नाव सर्वांना ठाऊक असते. ह्या सूर धरणाऱ्याची मात्र कोणी चौकशी करीत नाही. ती चौकशी ह्या लेखापुरती आपण करू.

प्रथम, दुसऱ्याचा आवाज ऐकण्यासाठी आपल्याजवळ स्वतःचा सूर का लागतो, हे पाहिले पाहिजे. तंबोरा जुळवताना दोन तारा जवळजवळ सारख्या झाल्या, पण पुरत्या झाल्या नाहीत, म्हणजे कानात एक संथ डोल ऐकू येतो. आवाज वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. दोन तारांच्या दर सेकंदाच्या कंपनांत जेवढा फरक, तेवढे हे हेलकावे. जाणकार माणूस हा डोल मंदावत नेतो आणि तो थांबला की तार जुळली असे समजतो. १९०१ च्या सुमारास अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेन ह्या संशोधकाने हीच गोष्ट रेडिओलहरींना लावली. रेडिओलहर एका सेकंदात लाखो वेळा कंप पावते. कानाला ती कळणे शक्य नाही. परंतु ग्राहकयंत्राच्या जागीच तिच्याशी जवळजवळ जुळणारी दुसरी लहर निर्माण करून दोन्ही एकत्र केल्या, तर फरकाचा सूर उरतो, आणि तो कानाला ऐकू येतो. त्या जागीच निर्माण केलेली म्हणून ती लहर ‘स्थानिक’.

कल्पना अचूक होती, पण ती दहा-बारा वर्षे वाट पाहत बसली. कारण स्थिर सूर देणारे साधनच नव्हते. निर्वात नळी आली, ती स्वतःच आंदोलित होऊ शकते हे कळले, आणि मग १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकी सैन्यातर्फे फ्रान्समध्ये असलेल्या एडविन आर्मस्ट्राँगने ‘सुपरहेटरोडाइन’ ग्राहकयंत्र सिद्ध केले. पुढे घरोघरी जे रेडिओ आले ते याच पद्धतीचे. परभणी आकाशवाणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लावले, की घरच्या रेडिओतला स्थानिक आंदोलक गुपचूप १७६० वर जाऊन बसे; दोहोंतला फरक ४५५, आणि पुढची सारी यंत्रणा त्या ४५५ वरच बेतलेली. काटा फिरवताना आपण केंद्र शोधतो असे आपल्याला वाटे; प्रत्यक्षात आपण आपलाच सूर बदलत असू.

आता स्थिरतेचा प्रश्न. नळी आणि तारेचे वेटोळे यांवर चालणारा आंदोलक तापला की सरकतो. त्याला धरून ठेवणारी वस्तू अखेर दगडात सापडली. मराठवाड्यातल्या मुलांना गारगोटी सांगायला नको. काळ्या रानात नांगरामागे पांढऱ्या गारगोट्या वर येतात, आणि अंधारात दोन गारगोट्या घासल्या की पिवळसर उजेड पडतो, हा खेळ आम्ही सर्वांनी केलेला आहे. त्या उजेडाची कथा वेगळी. पण त्याच जातीच्या शुद्ध स्फटिकाला दाबले असता त्याच्या पृष्ठभागांवर विद्युत्-भार येतो, हे १८८० साली पियेर आणि झाक क्यूरी ह्या भावांनी दाखवून दिले. उलट, विद्युत्-दाब दिला की स्फटिक किंचित आकारतो-आक्रसतो. म्हणजे विशिष्ट जाडीची चकती कापली तर ती ठरावीक कंप्रतेवर, दर सेकंदाला ठरावीक वेळा, घंटेसारखी थरथरत राहील. १९२१ साली अमेरिकेतल्या वॉल्टर केडी ह्या प्राध्यापकाने अशा चकतीला आंदोलकाचे नियंत्रण दिले, आणि रेडिओला पहिला न ढळणारा षड्ज मिळाला.

स्थिर सूर म्हणजे काय ते मुंबईने एकदा जिवावर उदार होऊन दाखवले आहे. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला होता. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. त्याचे यंत्र उभारण्यात हौशी रेडिओची विद्या जाणणारी मंडळी होती. ४२.३४ मीटर ही त्याची जाहीर लहरलांबी. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. पोलिसांना चुकवण्यासाठी यंत्राची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे, पण लहर बदलून चालत नसे. श्रोता त्याच खुणेवर शोधणार. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालेपर्यंत हे चालले. घर बदलले तरी सूर बदलायचा नाही, ही गोष्ट पुढे उपग्रहांच्या बाबतीत फार वेगळ्या अर्थाने खरी ठरायची होती.

हौशी मंडळींनी अवकाशात पाऊल टाकले ते १२ डिसेंबर १९६१ रोजी. कॅलिफोर्नियातल्या काही परवानाधारक हौशी लोकांनी घरच्या कामाच्या जागांत साडेचार किलोंची एक पेटी बनवली आणि अमेरिकी अग्निबाणावर समतोलासाठी जे निर्जीव वजन ठेवावे लागते त्याच्या जागी ती बसवून घेतली. तिचे नाव ऑस्कर-१. तिच्यात सुमारे १४० मिलिवॅटचा एक प्रक्षेपक होता आणि तो मोर्सच्या सांकेतिक लिपीत ‘हाय’ एवढेच म्हणत असे. टॉर्चमधल्या दिव्यालाही यापेक्षा जास्त वीज लागते. तरी २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी तो ऐकून कळवले. ‘हाय’ म्हणण्याची गती आतल्या तापमानाप्रमाणे कमीजास्त होई, म्हणून ऐकणारा घड्याळ लावून उपग्रहाचा ताप मोजू शके. सुमारे तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि आवाज बंद झाला.

पण ऑस्कर-१ हा नुसता बोलणारा होता. दुसऱ्याचे ऐकून पुढे सांगणारा नव्हता. ते काम ९ मार्च १९६५ रोजी गेलेल्या ऑस्कर-३ ने प्रथम केले. त्याच्यातील यंत्राला ट्रान्सपाँडर म्हणतात. जमिनीवरून येणारा कंप्रतांचा एक संपूर्ण पट्टा तो उचलतो, दुसऱ्या जागी सरकवतो, वाढवतो आणि परत खाली सोडतो. पट्ट्यात दहा माणसे वेगवेगळ्या जागी बोलत असतील तर दहाही जण एकाच वेळी खाली ऐकू येतात. कोण काय बोलतो याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. सगळ्यांना सारखेच सरकवायचे, एवढेच त्याचे काम. आणि हे सरकवणे म्हणजेच स्थानिक आंदोलक.

ह्या कामाचे उत्तम भारतीय उदाहरण म्हणजे हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ह्या अग्निबाणाने कार्टोसॅट-१ बरोबर तो गेला. वजन ४२.५ किलो, उंची सुमारे ६२० किलोमीटर, एक प्रदक्षिणा सुमारे ९७ मिनिटांत. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय हौशी मंडळींनी इस्रोच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने बनवलेला, आणि दुसरा नेदरलँड्समधल्या व्हेन्लो येथील विल्यम लेयेनार ह्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने बनवलेला. खर्चिक दळणवळण उपग्रहांच्या काळात एका विद्यार्थ्याने हाताने जोडलेले यंत्र राष्ट्रीय अग्निबाणावरून जावे, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

भारतीय ट्रान्सपाँडर ४३५.२२ ते ४३५.२८ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात ऐके आणि १४५.८७ ते १४५.९३ ह्या पट्ट्यात बोले. वाचकांनी एक बेरीज करून पाहावी. ४३५.२२ वर बोललेले १४५.९३ वर ऐकू येई, आणि ४३५.२८ वर बोललेले १४५.८७ वर. दोन्ही बेरजा ५८१.१५. पट्टा उलटा होऊन खाली येई. हा उलटेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्याचे कारण आगगाडीच्या शिटीत आहे. जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरी ऐकू येते. उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असतो. त्यामुळे आपला आवाज त्याला सुमारे १० किलोहर्ट्झ चढा ऐकू जातो, आणि त्याचा आपल्याला सुमारे ३.३ किलोहर्ट्झ चढा. पट्टा सरळ असता तर ही चूक १३.३ झाली असती. उलटल्यामुळे वरची चूक खालच्या चुकीतून वजा होते आणि साधारण ६.७ उरते. एका वजाबाकीने निम्मे दुखणे बरे होते, आणि त्यासाठी एक थेंबही जास्त वीज लागत नाही.

हे कसे साधतात? उदाहरणादाखल मी माझा एक हिशोब मांडतो. पहिला आंदोलक ४४५.९५ वर ठेवावा, त्यातून ४३५.२५ वजा झाले की १०.७ उरतात, आणि आंदोलक वरच्या अंगाला असल्यामुळे पट्टा उलटतो. मग दुसरा आंदोलक १३५.२ वर ठेवून त्यात १०.७ मिळवावे, १४५.९ तयार. दोन आंदोलकांची बेरीज पुन्हा ५८१.१५. आता स्फटिक काही सरळ ४४५.९५ वर थरथरत नाही. चकती इतकी पातळ कापता येत नाही. म्हणून ८९.१९ चा स्फटिक घेऊन त्याची पाचपट करायची. इथे पहिली मेख आहे. सुराची पाचपट केली की चुकीचीही पाचपट होते. सावकारी व्याजासारखीच ही गोष्ट.

दुसरी मेख विजेची. सूर्यपत्रांतून मिळेल तेवढेच उत्पन्न; आणि दर प्रदक्षिणेत सुमारे पस्तीस मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत काढायची, ती साठवणीवर. प्रक्षेपकाचा एक वॅट मोठा वाटतो, पण चांगल्या रचनेत कोणी बोलत नसेल तेव्हा प्रक्षेपक थोडक्यात भागवतो. आंदोलकाला ती सवलत नाही. कोणी बोलो वा न बोलो, तो जागा पाहिजे. विण्याचा पहाराच तो. शंभर मिलिवॅट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण अखंड पहाऱ्यात ते दिवसाला २.४ वॅट-तास होतात. लहान उपग्रहाच्या संसारात ही रक्कम जाणवते.

म्हणून रचनाकार काटकसर करतो. पहिली काटकसर मिश्रकात, म्हणजे दोन सूर एकत्र होतात त्या जागी. चार डायोडचा मिश्रक मजबूत खरा, पण त्याला आंदोलकाने सुमारे ५ मिलिवॅट पुरवावे लागतात, आणि तेवढे उंच कंप्रतेवर तयार करायला मागे त्याच्या कित्येक पट वीज जळते. ट्रान्झिस्टरांचा मिश्रक असेल तर आंदोलकाचा नुसता स्पर्श पुरतो; मात्र बलवान आवाजांपुढे तो लवकर गांगरतो. दुसरी काटकसर उबेची. प्रयोगशाळेत स्फटिक स्थिर ठेवण्यासाठी त्याला लहानशा भट्टीत ठेवतात. ही भट्टी एक वॅटच्या आसपास खाते. म्हणजे हॅमसॅटच्या साऱ्या आवाजाइतके एकटा पहारेकरीच खाऊन टाकणार. त्याऐवजी स्फटिक अशा कोनात कापतात की नेहमीच्या तापमानाच्या आसपास त्याचा सूर फारसा हलत नाही, आणि तो एखाद्या जड धातूच्या तुकड्याला घट्ट बांधतात. अवकाशात हवा नाही. उष्णता येणार-जाणार ती मुख्यतः धातूतून आणि किरणांतून. धातू जड असला की सूर्य उगवला तरी स्फटिकाला ते सावकाश कळते.

तिसरी काटकसर सर्वांत नाजूक. स्फटिकाला थरथरत ठेवायला मिलिवॅटच्या शंभराव्या हिश्शाएवढी वीजही पुरते. जास्त दिली तर तो तापतो, सरकतो, लवकर म्हातारा होतो. म्हणून कमी द्यावी. पण फार कमी दिली तर काही स्फटिक सुरूच होत नाहीत. जाणकार त्यांना झोपलेले स्फटिक म्हणतात. जमिनीवर टेबलावर तो व्यवस्थित चालतो. एखाद्या थंड पहाटे मात्र हलत नाही. टेबलावर असेल तर आपण त्याला टिचकी मारू. सहाशे किलोमीटरवर टिचकी कोण मारणार? काटकसर आणि उपासमार यांच्यातली रेषा कुठे आहे हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते थंडीच्या पेटीत ठेवून, शंभरदा बंद करून, शंभरदा सुरू करून हाताने शोधावे लागते.

ही रेषा कोणी किती अचूक शोधली होती याची साक्ष ऑस्कर-७ देतो. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी तो गेला. त्यातील एक ट्रान्सपाँडर जर्मनीतल्या कार्ल माइन्झर यांच्या रचनेचा होता. थोड्या विजेत सगळा पट्टा न मोडता वाढवण्याची त्यांची युक्ती पुढे नावाजली. १९८१ साली बॅटरी आतून जुळून गेली आणि उपग्रह मेला. एकवीस वर्षे कोणी त्याचे नाव घेतले नाही. मग २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या पॅट गोवेन यांना जुन्या लिपीतला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. जुळून गेलेली बॅटरी कधीतरी आतून तुटली होती, आणि सूर्यपत्रांची वीज आता सरळ यंत्राला मिळत होती. तेव्हापासून तो सावलीत शिरला की मरतो आणि उन्हात आला की उठतो. २०२४ साली त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हाही लोक त्याच्यामार्फत बोलत होते. एका बाजूने विचार केला तर हा साऱ्या काटकसरीचा निकालच आहे. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या टेबलावर स्फटिकाला इतकीच वीज दिली, की तो म्हातारा होऊ नये, आणि तरीही गारठलेल्या अवस्थेतून प्रत्येक सूर्योदयाला न चुकता जागा व्हावा.

हॅमसॅट मी ऐकला तो हिंगोलीच्या गच्चीवरून. बांबूच्या काठीवर ॲल्युमिनियमच्या तारा बसवून हातात धरायची अँटेना केली होती. १४५.९३६ वर त्याची अखंड खूण असे; ग्राहकयंत्रातल्या आंदोलकाशी ती मिळाली की शीळ ऐकू येई. उपग्रह दक्षिणेकडून उगवला की शीळ चढी. डोक्यावर आला की भराभर उतरू लागे. उत्तरेला मावळताना यंत्राची खुंटी पिळून तिच्या मागे जावे लागे. बारा मिनिटांचा खेळ. खालच्या गल्लीतली मुले वर येऊन विचारीत, “सर, ते कोण बोलतंय?” मी म्हणे, “कोणी बोलत नाही. सूर धरलाय.” मुलांचे समाधान होत नसे. मग एखाद्या फेरीला शेजारच्या पट्ट्यात दोन माणसे बोलताना सापडत, आणि त्या वेळी मुले गप्प होत. एकाच आंदोलकाने त्या दोघांचे आवाज उचलून आमच्या गच्चीवर ठेवलेले असत.

परंतु त्याच गच्चीवर मला ह्या यंत्राचे दुसरे अंगही कळले. हॅमसॅटचा एक वॅट हा सर्वांचा मिळून. कोणी जमिनीवरून मोठ्या अँटेनाने शंभर वॅट ओतले, तर ट्रान्सपाँडर आपली सारी वीज त्याचा आवाज वाढवण्यात खर्च करतो आणि बाकीचे सर्व जण दबून जातात. बहुधा असा माणूस स्वतः नीट ऐकत नसतो. आपला आवाज परत ऐकू येत नाही म्हणून तो आणखी जोर लावतो. हौशी मंडळींत त्याला मगर म्हणतात. तोंड मोठे आणि कान नाहीत. वर बसलेल्या पहारेकऱ्याने किती काटकसर केली याला मग अर्थ राहत नाही. मिलिवॅट मिलिवॅट करून वाचवलेले एका माणसाच्या ओरडण्यात जाते.

जुलै २०१४ मध्ये हॅमसॅट थांबला. पुन्हा बॅटरीच, स्फटिकाचा दोष नाही. नऊ वर्षे तो चालला. पुढे महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांनी आपले उपग्रह पाठवले, हेही नोंदवले पाहिजे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी गेला. वजन एक किलोही पुरे नाही, आणि काम हौशी मंडळींचे निरोप साठवून पोचवण्याचे. मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला. ह्या दोन्हींना आपला सूर धरणारे आंदोलक लागलेच. पण अनेकांचे आवाज एकाच वेळी उचलून खाली ठेवणारा तो पट्टा ह्या दोहोंत नव्हता. एक निरोप साठवणे वेगळे, आणि बैठकीला जागा करून देणे वेगळे. हॅमसॅटची जागा घेणारा आपला असा उपग्रह व्हावा ही माझ्यासारख्यांची इच्छा. कारण टेबलावर बसून स्फटिकाची भूक ओळखणारे हात कामावाचून राहिले तर ती विद्या वहीत उतरत नाही, जाते.

आज हिंगोलीतून ऐकायचे तर पश्चिमेकडे पाहावे लागते. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी, ऑस्कर-७ गेला त्याच तारखेला, कतारचा एस-हेल-२ हा उपग्रह गेला. तो विषुववृत्तावर २६ पूर्व रेखांशाजवळ स्थिर दिसतो, आणि त्यात हौशी मंडळींसाठी ट्रान्सपाँडर आहे. आमच्या गच्चीवरून तो क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठावीस अंशांवर येतो. तो हलत नाही म्हणून शिटीचा घोळ नाही. साधी दूरदर्शनची थाळी आणि तिच्या तोंडाशी असलेली एलएनबी पुरते. परंतु तिथे पहारेकरी आपल्याकडे उतरला. एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. त्याची ३९० पट होऊन ९७५० होतात. म्हणजे व्याज आता पाचपट नव्हे, ३९० पट. स्फटिक दशलक्षात दोन भाग सरकला तर वर १९.५ किलोहर्ट्झ सरकतात. माणसाच्या बोलण्याला तीनपेक्षाही कमी पुरतात. दूरचित्रवाणीला ह्याचे काही वाटत नाही. आम्हाला मात्र मे महिन्याच्या दुपारी, पारा चाळिसाच्या वर आणि एलएनबी उन्हात भाजत असताना, सकाळी ऐकलेला माणूस सापडेनासा झाला. तो तिथेच बोलत होता. सूर आमचा ढळला होता. एलएनबीला पांढरे आच्छादन केले, आणि उपग्रहाच्या पट्ट्याच्या मध्यावर १०४८९.७५ वर जी खूण अखंड चालते तिच्याशी आमचे ग्राहकयंत्र जुळवून घेतले. तेव्हा कुठे तो माणूस हाती लागला.

ह्या उपग्रहावर मगरींचा बंदोबस्तही आहे. कोणाचा आवाज ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की त्याच्याच जागेवर भोंग्यासारखा आवाज सुरू होतो. ह्या व्यवस्थेचे नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘लैला’ असे पडले आहे. एकदा मी ऐकत असता एका बलवान आवाजावर ती ओरडली. तो माणूस क्षणभर थांबला, मग हळू आवाजात परत आला. आणि त्याच्या शेजारी इतका वेळ न कळणारे एक क्षीण बोलणे स्पष्ट झाले. त्या बोलण्यात विशेष काही नव्हते. हवामान, अँटेनाची लांबी. पण ते तोवर तिथेच होते, आणि आपल्याला ऐकू येत नव्हते, एवढे मात्र मनात राहिले.

हिंगोलीपासून जवळच औंढा नागनाथ आहे. तिथली कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. ते मागे जाऊन गाऊ लागले. आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मागच्या बाजूस का आहे याचे कारण म्हणून गावकरी ती सांगतात. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश जाऊन परत येईल. दोन किरण परत भेटताना एकमेकांना जवळजवळ पुरते विझवतात. मात्र अमेरिकेतल्या लायगो यंत्रांत मुद्दाम थोडासा प्रकाश शिल्लक ठेवला जातो, आणि गुरुत्वीय लहरीने केलेला अतिसूक्ष्म फरक त्या शिल्लक प्रकाशाशी मिळवून वाचला जातो. शास्त्रज्ञ त्या शिल्लक प्रकाशाला काय म्हणतात? लोकल ऑसिलेटर. शंभर वर्षांपूर्वीचा शब्द, नळीतून स्फटिकात आणि स्फटिकातून प्रकाशात आलेला.

कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिळाली, त्याचा आवाज औंढ्याला ऐकायचा तर तिथे एक स्वतःचा, न ढळणारा सूर तयार ठेवावा लागेल. ते काम शेकडो लोकांचे आणि कोट्यवधी रुपयांचे. गच्चीवरचे काम पंचवीस मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकाचे आणि पांढऱ्या आच्छादनाचे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आळीतली एक मुलगी वहीत दर तासाला दोन आकडे लिहून नेत असे. एक गच्चीवरचे तापमान, दुसरा खुणेची सरकलेली जागा. महिन्याच्या अखेरीस तिने दोहोंची रेघ काढून दाखवली. रेघ सरळ नव्हती, मध्ये वाकलेली होती, स्फटिक कापलेल्या कोनामुळे ती तशीच यायला हवी. मी तिला काही समजावून सांगणार, एवढ्यात तिने विचारले, “मग सर, थंडीत काढू का परत?” मी म्हटले, “काढ. पण पहाटे उठावं लागेल.”